हे कशावरून?

इतिहासाच्या तासाला विद्यार्थी जांभया देतात, ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत नेहमीच ऐकू येते. आम्हांस त्या जांभयांचे नवल वाटत नाही. गणितात पडताळा पाहता येतो, विज्ञानात प्रयोग करता येतो. इतिहासात मात्र ‘पुस्तकात आहे’ एवढ्यावर समाधान मानावे लागते. ‘हे कशावरून?’ असा साधा प्रश्न वर्गात क्वचितच उमटतो, आणि उमटलाच तर वेळेअभावी मागे राहतो.

म्हणून भोपाळ येथे शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गास जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही मोठ्या उत्सुकतेने गेलो. संगणकावर उपलब्ध झालेली अस्सल ऐतिहासिक साधने वर्गात कशी वापरावीत, हा तेथील विषय होता. ‘साधने’ हा शब्द मराठी माणसास नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली आणि वाड्यांतील धुळीने माखलेली दप्तरे सोडवली. आज राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ साली सुरू केलेल्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर जुने कागद घरबसल्या पाहता येतात. पायपीट वाचली, पारख करण्याचे कष्ट मात्र तेवढेच राहिले. ती पारख कशी शिकवावी, हेच त्या वर्गात शिकावयाचे होते.

पहिल्याच दिवशी आमच्या हाती काही लहानलहान शिलालेखांची चित्रे देण्यात आली. शीर्षक नाही, स्थळ नाही, काळ नाही. “जे दिसते तेवढेच सांगा,” एवढीच सूचना. शिक्षकास न सांगता थांबणे किती कठीण असते, हे त्या अर्ध्या तासात सर्वांनाच कळून आले! ते लेख भोपाळहून फार दूर नसलेल्या सांचीच्या स्तूपावरील होते.

परत आल्यावर आम्ही तीच चित्रे इयत्ता नववीच्या वर्गात मांडली. प्रथम गोंधळ झाला. मग एका मुलीने सांगितले, “जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी तीच दोन अक्षरे आहेत, आणि पुढे एक टिंब आहे.” कोणी म्हणाले, ते कारागिराचे नाव असेल. लगेच दुसऱ्याने हरकत घेतली, “सगळे दगड एकट्यानेच कसे घडवले?” मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा हळूच म्हणाला, “आमच्या देवळाच्या पायऱ्यांवर ‘अमक्याकडून’ असे कोरलेले असते, तसे काही असेल का?”

तेव्हा आम्ही त्यांस हकिकत सांगितली. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांचीच्या लेखांचे ठसे पाठवले होते. ब्राह्मी लिपी त्या वेळी कोणासही नीट वाचता येत नव्हती. प्रिन्सेप यांनाही शेवटची तीच दोन अक्षरे खटकली. या देणगीदारांच्या नोंदी असाव्यात आणि तो शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्यांनी केला. द आणि न ही अक्षरे हाती लागली, आणि १८३७ साली ब्राह्मीचे कुलूप उघडले. मागच्या बाकावरचा मुलगा त्या दिवशी ताठ बसला होता. त्यास आम्ही काहीच शिकवले नव्हते. केवळ पाहू दिले होते. त्या दात्यांत भिक्षुणी होत्या, व्यापारी होते; स्तूपाच्या एका तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी आपल्या कामाची नोंद ठेवली आहे. राजांच्या इतिहासात ही माणसे आढळत नाहीत, दगडावर आढळतात.

मात्र पडद्यावरील चित्र म्हणजे मूळ वस्तू नव्हे. बोटभर कागद पडद्यावर भिंतीएवढा दिसतो, पाठची बाजू दिसत नाही, कागदाचा पोत कळत नाही. म्हणून मूळ माप काय, प्रत कोणी काढली, हेही विचारावयास हवे. लेखकासही प्रश्न विचारावा लागतो. डिसेंबर १७३७ मध्ये याच भोपाळात थोरल्या बाजीरावांनी निजामास कोंडले, आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहा सराई येथे तह झाला. या मोहिमेतून बाजीरावांनी धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांस लिहिलेली पत्रे छापील रूपात वाचावयास मिळतात. ती वाचताना मराठी ऊर भरून येतो, यात नवल नाही. परंतु विजयी सेनापती सख्ख्या भावास लिहितो, तेव्हा काय लिहितो आणि काय गाळतो? कोंडलेल्या छावणीतून गेलेल्या पत्रात काय असेल? अभिमान न सोडताही हे प्रश्न विचारता येतात, किंबहुना विचारले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट. आमची मातृभाषा कोकणी. आमच्या घरी पोर्तुगीज अमदानीतला एक कागद पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला आहे. त्याचे उत्तम छायाचित्र आम्ही काढले; परंतु घरात तो वाचणारे कोणीच उरले नाही. मोडीतील लाखो कागदांचीही तीच गत आहे. चित्र मिळाले म्हणजे अर्थ मिळाला, असे होत नाही. यंत्र कागद जपेल. वाचणारा माणूस मात्र घडवावाच लागतो. तुमच्यापैकी दोघांचौघांनी तरी मोडी शिकावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, हा केवळ इतिहासाचा प्रश्न नाही. रोज भ्रमणध्वनीवर चित्रे, जुनी म्हणून पाठवलेली पत्रे, थोरांच्या नावावरील वचने येऊन पडतात. ती पुढे ढकलण्यास एक क्षण पुरतो. त्यांवरून शेजाऱ्याविषयी मन कलुषित होण्यासही तेवढाच वेळ लागतो. त्या क्षणी हात आवरून पाहा: हे कोणी लिहिले? केव्हा? कोणासाठी? मूळ कोठे आहे?

येत्या सुट्टीत घरातील एक जुना कागद शोधा. आजोबांचे पत्र असो, लग्नपत्रिका असो की सावकाराची पावती. त्याचे छायाचित्र काढा आणि तो कोणाचा, कोठे मिळाला, केव्हाचा, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून वहीत लिहून ठेवा. सांगणारे आहेत तोवरच विचारून घ्यावे. कागद पुढेही टिकेल. सांगणारे माणूस टिकेलच, याची शाश्वती कोणी द्यावी?