मुक्या जिवांचा वैद्य

भाषांतर हा माझा व्यवसाय. मूळ मजकूर कितीही अवघड असो, माझ्यासमोर शब्द तरी असतात. पशुवैद्याला तेवढाही आधार नसतो. मुक्या जिवाची वेदना त्याला श्वासावरून, डोळ्यांवरून आणि रवंथावरून ओळखावी लागते. तीही पुष्कळदा मध्यरात्री.

काशीला दुर्गाघाट व ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तेथील अरुंद गल्ल्यांतून गाय शेजारणीसारखी वावरते. उकिरड्यावरील अन्नाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्याही तिच्या पोटात जातात. मग एखाद्या रात्री कोठीपोटातील वायू कोंडतो, डावी कूस नगाऱ्यासारखी ताणते आणि फुप्फुसांवर दाब येतो. वैद्य वेळेवर आला, तर नळीवाटे वायू मोकळा करतो. उजाडेपर्यंत थांबल्यास गाय दगावू शकते. म्हणून अहोरात्र उघडे असणारे पशुचिकित्सालय ही चैन नव्हे.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईस परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालीच निघाले. आज पदवीसाठी साडेपाच वर्षे लागतात. परंतु अपरात्रीच्या हाकेला ओ देण्याची वृत्ती कोणत्याही परीक्षेत तपासली जात नाही. उत्तर प्रदेशात २०२३ पासून १९६२ या क्रमांकावर फिरते चिकित्सा पथक बोलावता येते.

तरीही एक काम आपलेच उरते. जनावराने काय खाल्ले, रवंथ करणे केव्हा थांबवले, पोट केव्हापासून फुगले, हे वैद्याला नेमके सांगावे. मुक्या जिवाचे तेवढे भाषांतर घरच्या माणसानेच करावयाचे असते.