खुडूक राजहंसी

पहिल्या खेपेस मामींनी अंडी धुतली आणि तिथेच सगळे बिनसले.

मामी मूळच्या साताऱ्याच्या. यजमान पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत नोकरीला होते, म्हणून लग्नानंतर त्या मद्रासला आल्या आणि तिथल्याच झाल्या. गल्लीतल्या तमिळ बायका त्यांना 'मामी' म्हणतात, तेव्हा इथेही तेच नाव पुरे. निवृत्तीनंतर दोघांनी शहराच्या दक्षिणेला, मेडवाक्कमच्या बाजूला लहानसे घर बांधले. मागे परस, परसात एक शेवगा, दोन नारळ आणि धुण्याचा दगड. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत महापूर आला तेव्हा या परसात गुडघाभर पाणी चढले आणि पाण्याबरोबर साप आले. पाणी ओसरल्यावरही एक धामण मोरीतून डोके काढून स्वयंपाकघर न्याहाळून गेली. तेव्हा मामांना कोणीतरी सुचवले, "राजहंसांची जोडी पाळा, साप फिरकत नाहीत."

साप खरेच फिरकत नाहीत की नाही, ते देव जाणे. पण अनोळखी पाऊल वाजले की हे पक्षी गल्ली डोक्यावर घेतात, हे मात्र खरे. रोमवर गॉल टोळ्यांनी रात्री हल्ला केला तेव्हा पहारेकरी झोपले होते आणि देवळातल्या राजहंसांनी गाव जागे केले, अशी जुनी कथा आहे. मामांना ती फार आवडली. समुद्राकाठच्या रस्त्यावरच्या एका शेतघरातून त्यांनी वयात आलेली पांढरी जोडी आणली. चोचीच्या मुळाशी नारिंगी टेंगूळ असलेली ही चिनी जात.

राजहंस म्हटले की आपल्याला सरस्वतीचे वाहन आठवते, दमयंतीचा निरोप्या आठवतो. मामांच्या नरराजहंसाला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने पहिल्याच दिवशी मामांच्या लुंगीचा सोगा पकडला आणि त्यांना नारळाभोवती दोन प्रदक्षिणा घालायला लावल्या. तरीही घराणे तेच. संस्कृत 'हंस' आणि जर्मन 'गान्स' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. डच अभ्यासक फोगेल यांनी या पक्ष्यावर एक पुस्तकच लिहिले, ते १९६२ साली प्रसिद्ध झाले, आणि आपल्या जुन्या साहित्यातला हंस म्हणजे हाच, असे त्यांनी त्यात मांडले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मादीने धुण्याच्या दगडामागे, पत्र्याच्या पडवीखाली, अंडी घालायला सुरुवात केली. कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ तिप्पट वजनाचे एकेक अंडे! ती खुडूक होऊन बसली तेव्हा मामींना माहेरच्या कोंबड्या आठवल्या. पण माहेरी हे काम आजी बघत असे. मामींनी फक्त पिल्ले पाहिली होती. घरट्यातली अंडी चिखलाने, विष्ठेने माखलेली. ज्या बाईने आयुष्यभर कोथिंबिरीची जुडीसुद्धा तीन पाण्यांतून काढल्याशिवाय चिरली नाही, तिला हे कसे बघवावे? मादी पाणी प्यायला उठली की मामी घाईने अंडी उचलत, कोमट हळदीच्या पाण्याने धूत, पुसत आणि परत ठेवत. रोज. शिवाय पेंढा बदलणे, अंडे कानाशी धरून हलवून बघणे, शेजारणींना दाखवणे, हेही चालू होते.

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात आणि त्यांवर एक डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असतो. आतल्या जिवाला हवा मिळते ती त्या छिद्रांतून. पापुद्रा धुतला गेला की त्याच वाटेने जंतू आत शिरतात. मामींना हे कोणी सांगितले नव्हते.

महिना झाला, पाच आठवडे झाले. काही हालचाल नाही. एके दुपारी घरट्यात एक अंडे फुटले आणि त्या वासाने मागचे दार लावून घ्यावे लागले. मादी मात्र उठेना. छातीचे हाड हाताला लागेल इतकी ती वाळली होती. शेवटी मामांनी उरलेली अंडी काढून नेली, तरी ती दोन दिवस रिकाम्या पेंढ्यावर बसून राहिली.

कोन्राड लोरेन्झ आणि निको टिनबर्गेन या शास्त्रज्ञांनी १९३८ साली राजहंसीची एक सवय बारकाईने टिपली होती. घरट्याबाहेर घरंगळलेले अंडे ती मान लांबवून, चोचीच्या खालच्या बाजूने हळूहळू आत ओढून घेते. पण मध्येच ते अंडे कोणी काढून घेतले, तरी तिची मान थांबत नाही. नसलेले अंडे ती घरट्यापर्यंत ओढतच आणते. दोघांनाही पुढे १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. रिकाम्या पेंढ्यावरची मादी पाहून मामा जे म्हणाले, त्यात एवढे शास्त्र नव्हते. ते म्हणाले, "अगं, तिला कोणी सांगितलंच नाही की संपलं म्हणून."

मामी त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्याचे कारण फक्त अंडी नव्हती. बेंगळुरूला दिलेल्या त्यांच्या लेकीचे दुसरे बाळंतपण त्याच महिन्यात, तिसऱ्या महिन्यातच संपले होते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये मादीने पुन्हा त्याच जागी अंडी घालायला घेतली. एक दिवसाआड एक, अशी आठ. पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्याचे ते दिवस. मामा बँकेच्या रांगेत आणि मामी परसाच्या उंबऱ्यावर. घरात लेकही होती. या वेळी तिला सहा महिने पूर्ण झाले होते, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती आणि ती आईकडे येऊन राहिली होती. मामी दिवसातून दहा वेळा तिच्या खोलीत डोकावत. पाय दुखतात का, उशी उंच हवी का, दूध घेतेस का. एकदा लेक हसत म्हणाली, "आई, मला फक्त धुऊन ठेवू नकोस हं."

मामी हसल्या नाहीत. पण बोलणे लागले असावे.

मामांच्या ओळखीचे एक निवृत्त पशुवैद्य होते, वेपेरीच्या १९०३ सालच्या जुन्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेले. मामींनी त्यांच्याकडून सगळे विचारून घेतले. त्यांनी सांगितले त्यातले निम्मे 'करू नका' असेच होते. घरटे हलवू नका. अंडी धुऊ नका. ती बसल्यावर नवे अंडे खाली सरकवू नका, कारण मग पिल्ले एकाच वेळी निघत नाहीत आणि मागे राहिलेले अंडे आई सोडून जाते. अंडी फिरवायची काळजी नको. ती स्वतः चोचीने दिवसातून कितीदा तरी उलटते. करायचे ते एवढेच: सावली, भात आणि तुकडा तांदूळ, चिरलेला पाला, आणि घरट्यापासून चार पावलांवर पाण्याची खोल बादली. पूर्ण डोके बुडेल इतकी खोल, म्हणजे तिला नाक-डोळे धुता येतात. दिवसातून एकदा ती उठेल, अंडी पिसांनी आणि पेंढ्याने झाकेल, खाईल, अंगावर पाणी घेईल आणि ओल्या पोटाने परत बसेल. ती ओल अंड्यांना हवीच असते.

कामाला येणारी अक्का तिंडिवनमकडची. तिने घरट्याच्या कडेला एक लोखंडी खिळा, कोळशाचा तुकडा आणि एक वाळकी मिरची ठेवली. गडगडाटाने अंडी बिघडतात, त्यावर हा तिच्या गावचा उपाय. यात शास्त्र किती, हा प्रश्नच आहे. पण एकदा हे ठेवले की घरट्याला कोणी हात लावायचा नाही, असेही ती बजावून गेली, आणि तेवढे तरी पशुवैद्यांच्या सांगण्याशी जुळत होते. खुडूक बसण्याला तमिळमध्ये 'अडै काक्कुम' म्हणतात. त्यातला 'काक्कुम' म्हणजे राखण करणे. आपण मराठीत 'उबवणे' म्हणतो. आपल्या शब्दात ऊब आहे, त्यांच्या शब्दात पहारा. नर पहाऱ्याचे काम चोख करत होता. मामांनी परसात जाताना हातात छत्री धरायला सुरुवात केली.

दहाव्या रात्री, मादी पाण्यावर असताना, मामांनी पुठ्ठ्याची नळी करून बॅटरीच्या उजेडात अंडी पाहिली. सात अंड्यांत लालसर कोळ्यासारख्या शिरा पसरल्या होत्या. एक स्वच्छ, रिकामे होते, ते काढून टाकले. मामींनी या वेळी अंड्यांना बोटही लावले नाही. हात पदरात गुंडाळून त्या लांब उभ्या होत्या.

५ डिसेंबरच्या रात्री जयललिता गेल्या आणि शहर ठप्प झाले. त्या धक्क्यातून शहर सावरते न सावरते तोच वरदा चक्रीवादळाची बातमी आली. सोमवार, १२ डिसेंबर. सकाळपासूनच उत्तरेकडून वारा भणाणत होता. मादीला आत आणावे का, यावरून घरात वाद झाला. मामा म्हणाले, टोपलीसकट उचलून न्हाणीत ठेवू. मामींनी ठाम नकार दिला. "जागा हलली की ती बसायची नाही. मागचं एकदा केलं तेवढं बास." मग दोघांनी मिळून पडवीचे सुटे पत्रे उतरवले, घरट्यावर जुनी लाकडी खाट उपडी घातली, तिच्यावर पाटा आणि विटांचे ओझे ठेवले. भिंतीच्या बाजूने मादीला ये-जा करता येईल एवढी फट ठेवली. नर आपणहून खाटेशेजारी जाऊन उभा राहिला.

दुपारी वाऱ्याने कहर केला. शहरात त्या दिवशी हजारो झाडे पडली. मामी लेकीच्या खोलीत, पलंगाच्या काठावर बसून होत्या. खिडक्या थडथडत होत्या. मग एकाएकी सगळे शांत झाले. वादळाचा डोळा जवळून जात होता. मामा नको नको म्हणत असताना मामी दार उघडून धावल्या, खाटेच्या फटीतून वाकून पाहिले. आतून जोराचा फूत्कार आला. एवढा गोड आवाज आपण आयुष्यात ऐकला नाही, असे त्या अजून सांगतात. त्यांनी मूठभर भात आत सरकवला आणि दार लावून घेतले. थोड्याच वेळात वारा दक्षिणेकडून उलटला आणि पहिल्या दणक्यालाच शेवगा पडला. तो खाटेवरच पडला.

अंधार पडेपर्यंत बाहेर जाता आले नाही. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर खाटेचा एक पाय मोडला होता, पाटा घसरला होता, शेवग्याच्या फांद्यांनी सगळे झाकले होते. नराचा एक पंख लोंबत होता. मादी फांद्यांखाली, जागच्या जागी होती.

त्यानंतर पाच दिवस वीज नव्हती. शेजारच्या एका गृहस्थांनी उबवणी यंत्र घ्या म्हणून पूर्वी मामांना पुष्कळ समजावले होते. आता ते स्वतःच मोबाइल चार्ज करायला गावभर हिंडत होते. मामींनी शेवग्याच्या फांद्या थोड्या थोड्या करून, दोन दिवसांत उतरवल्या, मादी पाण्यावर असेल तेवढ्याच वेळात.

तिसाव्या दिवशी घरट्यातून बारीक चिवचिव ऐकू आली. पिल्लू आधी अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच काढते आणि तिथूनच बोलू लागते. आई वरून हलके उत्तर देते. पहिले भोक पडल्यावर एक दिवस गेला तरी पिल्लू बाहेर येईना. मामींची बोटे शिवशिवत होती. कवचाचा एक तुकडा काढला तर काय बिघडेल? पण घाईने सोडवलेल्या पिल्लाला रक्तस्राव होतो, पोटातला बलक आत ओढला गेलेला नसतो, हे पशुवैद्यांनी बजावले होते. मामी आत गेल्या आणि त्यांनी तीन किलो चिंच निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळी पिल्ले दिसली. आधी दोन, दुपारपर्यंत पाच. एक दिवस मादी त्यांना पोटाखाली घेऊन बसली. मग ती उठली, पाचांना घेऊन बादलीकडे निघाली आणि मागे वळली नाही. घरट्यात दोन अंडी राहिली होती. मामींनी एकेक कानाशी धरले. ती वादळाच्या रात्री गेली की आधीच, कोण जाणे. पडलेल्या शेवग्याच्या बुंध्याशी खड्डा करून त्यांनी ती पुरली आणि हात धुऊन आत आल्या.

लेक खिडकीशी उभी होती. सगळे तिने पाहिले होते.

"दोन राहिली ना?" तिने विचारले.

"राहिली," मामी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पाच आहेत."

बाहेर मामा छत्री घेऊन परसात उतरले होते आणि लोंबत्या पंखाचा नर मान जमिनीलगत लांबवून त्यांच्याकडे धावत निघाला होता.