आठ पायांचा रूममेट

सगळ्यात आधी एक डिस्क्लेमर. मी झुरळाला घाबरतो. कोथरूडच्या घरी बाथरूममध्ये झुरळ दिसलं की मी आईला हाक मारायचो, आणि हे वयाच्या पंचविशीपर्यंत चालू होतं. त्यामुळे माझ्याकडे टॅरांट्युला आहे हे ऐकल्यावर मित्रांचा पहिला प्रश्न होता, ‘कोणाचा?’

माझाच. आणि घेताना माझी एकच अट होती. तो भराभर वाढला पाहिजे.

असली अट का, त्यासाठी छोटा फ्लॅशबॅक. सप्टेंबर २०२३मध्ये बायकोला तिच्या कंपनीने इंग्लंडला पाठवलं. दोन वर्षांचं प्रोजेक्ट, गाव रेडिंग. (स्पेलिंग वाचून ‘रीडिंग’ म्हणालात तर तिकीट खिडकीवरचा माणूस हसतो. अनुभव आहे.) तिच्या कागदपत्रांवर तिचं पद होतं, माझ्या कागदपत्रांवर मी तिचा ‘डिपेंडंट’ होतो. मास कॉमची डिग्री, पुण्यात पाच वर्षं फ्रीलान्सिंग, चार-पाच कव्हर स्टोरीज, आणि शेवटी काय, तर डिपेंडंट. तिकडच्या संपादकांना मी रोज मेल टाकायचो. ‘नाही’ असंही उत्तर यायचं नाही. नोव्हेंबरमध्ये तिथे दुपारी चारला अंधार पडतो. ती साडेसहाला घरी यायची. मधले अडीच तास मी दिवे लावून बसलेलो असायचो, अगदी तुळशीवृंदावनाशेजारच्या आजीसारखा. फक्त तुळस नव्हती.

कुत्रा हवा होता. अॅग्रीमेंटमध्ये कुत्रं-मांजर चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं. घरमालकाला मेल केली, तर उत्तर आलं, ‘काचेच्या डब्यात मावेल ते चालेल.’

स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर सरडे आणि सापांचं एक दुकान होतं. मी खरं तर कासव बघायला गेलो होतो. दुकानदार पन्नाशीचा, हातावर अजगराचा टॅटू, आणि बोलायला आपल्या सदाशिव पेठेतल्या दुकानदाराइतकाच सरळ. शेल्फवर एक मेक्सिकन रेड-नी बसली होती. काळी, मखमली, गुडघ्यांवर केशरी पट्टे. सिनेमात ‘डेंजर कोळी’ म्हणून दाखवतात ती बहुतेक हीच. एकदम शांत. म्हटलं, हिचं पिल्लू द्या.

‘किती वर्षं आहेस इथे?’ त्याने विचारलं.

‘दोन.’

‘मग तू परत जाशील तेव्हा ती फार तर तुझ्या अंगठ्याएवढी झालेली असेल.’

माझ्यासाठी हा शॉकच होता. रेड-नीला पूर्ण वाढायला कित्येक वर्षं लागतात, आणि मादी वीस-पंचवीस वर्षंसुद्धा आरामात जगते. लोनचा हप्ता फिटेल, कोळी तिथेच. मी त्याला स्पष्ट सांगितलं, मला काहीतरी वाढताना बघायचंय. हे बोलताना आवाज जरा हलला असावा, कारण त्याने स्टूल पुढे सरकवलं.

मग माझं शिक्षण सुरू झालं. वेगाने वाढणारे टॅरांट्युला बरेच आहेत, पण वेगाने वाढणारे आणि पहिल्यांदा पाळणाऱ्याला झेपणारे, अशी यादी केली की ती पटकन आटते. आशिया-आफ्रिकेतले बहुतेक भराभर वाढतात, पण पळतातही भराभर, आणि त्यांचा डंख जास्त त्रास देतो. अमेरिका खंडातले तुलनेने सौम्य. ते पोटावरचे बारीक केस पायाने झाडून तुमच्याकडे उडवतात. खाजकुइली लागल्यासारखं होतं. त्यातही ब्राझीलचा सॅमन पिंक बर्डईटर हा वाढीत एक नंबर. शेकड्यांनी पिल्लं होतात, त्यामुळे स्वस्त. पण पाय पसरून वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. म्हणजे आपली जेवणाची थाळी. बायकोला थाळीएवढा कोळी कसा समजावणार?

तेवढ्यात वरच्या खणात मला निळा रंग दिसला. अगदी मोरपिशी निळा. पाटीवर नाव, ‘गुटी सफायर’. गुटी? अहो, मुंबई-चेन्नई लाइनवरचं आंध्रातलं स्टेशन! या कोळ्याचं शास्त्रीय वर्णन पोकॉक नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९९मध्ये केलं, ते गुटीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून. बहुधा लाकडांबरोबर रेल्वेनेच आला असावा. त्यानंतर शंभर वर्षं पत्ता नाही. २००१मध्ये तो आंध्रातल्याच नंद्याल आणि गिद्दलूरमधल्या जंगलात पुन्हा सापडला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे, २०१९पासून त्याचा व्यापार सायटिस कराराच्या नियंत्रणाखाली आहे, आणि रेडिंगच्या एका दुकानात तो प्लास्टिकच्या डब्यात माझ्याकडे बघत होता. ‘गाववाला’ म्हणून मला भरून आलं. दुकानदार म्हणाला, ‘हा इथेच जन्मलेला आहे. आणि तुझ्यासाठी नाही. झाकण उघडशील तोवर तो पडद्यावर असेल.’

शेवटी ठरला ब्राझिलियन व्हाइट-नी. काळा, पायांवर पांढरेशुभ्र पट्टे. अधाशी, दांडगा, भरपूर केस उडवणारा, पण जमिनीवर राहणारा आणि चुका पोटात घालणारा. नीट खायला मिळालं तर दीड-दोन वर्षांत तळहाताएवढा. जानेवारी २०२४मध्ये मी तो दहा पौंडांना घेतला. एवढ्या पैशांत एका छोट्या डबीत ओला भुसा आणि त्यावर मुगाच्या डाळीएवढं काहीतरी मिळालं. भुसा कसला, तर नारळाच्या सोडणाचा, आपलं कोकोपीट. चिपळूणचा माझा मामा हसून हसून पडला.

मादीच निघेल अशा आशेने नाव ठेवलं कमळी.

आता बायकोची बाजूही सांगायला हवी, नाहीतर ती हा लेख वाचून फोन करेल. ऊब जास्त असली की कोळी जास्त खातो आणि लवकर वाढतो, हे कळल्यावर मी गुपचूप हॉलचं हीटिंग पंचविसावर नेलं. फेब्रुवारीत बिल आलं. जवळपास दुप्पट. ती शांतपणे म्हणाली, ‘अरे, मी घरात दोन स्वेटर घालून बसायचे, तेव्हा तू म्हणायचास काटकसर करू या.’ मी म्हणालो, ‘तुला नाही कळणार, दिवसभर मी इथे एकटा असतो.’ ती म्हणाली, ‘आणि मी कुठे असते? पिकनिकला?’ पुढचं सांगत नाही. दोन दिवस आम्ही फक्त दुधाबद्दल बोललो. तिसऱ्या दिवशी तिनेच डबी उचलून बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांशेजारी ठेवली. तिथे फुकटची ऊब असते. जाता जाता म्हणाली, ‘माझा निळा टॉवेल मात्र दुसरीकडे.’

कमळी वाढली, बॉस! कोळी रोज वाढत नाही, टप्प्याटप्प्याने वाढतो, कात टाकून. आधी खाणं बंद होतं, पोट काळपट पडतं, मग एक दिवस तो चक्क पाठीवर उताणा पडतो. पहिल्या वेळी मी रडकुंडीला येऊन दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ‘मेलेला कोळी पाय आखडून घेतो. उताणा पडलाय ना? मग हात लावू नकोस, जिवंत किडा आत असेल तर काढ आणि चहा पी.’ दोन तासांनी एकाच्या जागी दोन कमळ्या होत्या. एक रिकामी, एक नवी. नवीचे सुळे पांढरे होते. ते कडक होईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, खायला द्यायचं नाही. मी वहीत तारखा लिहू लागलो. त्याच वहीच्या मागच्या पानावर पाठवलेल्या मेल्सच्या तारखा होत्या. पुढची पानं जास्त वेगाने भरत होती, हे कबूल. पण जूनमध्ये मागच्या पानावरही पहिली टिकमार्क आली. इथल्या एका छोट्या मासिकाने माझा लेख घेतला. विषय? कोळी नाही, क्रिकेट.

ऑक्टोबरमध्ये कात हाताळण्याइतकी मोठी झाली. ती कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून मऊ करायची, हलकेच उलगडायची आणि पोटाच्या आतल्या बाजूला, श्वसनाच्या वरच्या दोन पांढऱ्या ठिपक्यांच्या मधे, शुक्राणू साठवायची पिशवी दिसते का बघायचं. दिसली तर मादी. आम्ही दोघं भिंग घेऊन अर्धा तास बसलो. काही नव्हतं. ‘तुझी कमळी कमलाकर निघाली,’ बायको म्हणाली आणि हसली. मी हसलो नाही.

कारण मला आतापर्यंत फंडा कळला होता. मादी पुढे कित्येक वर्षं राहते. नराचं तसं नसतं. तो वयात आला की त्याची वाढ थांबते. त्याचं खाणं कमी होतं, तो मादीच्या शोधात रात्रभर डब्यात फेऱ्या मारतो आणि काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, संपतो. जितका लवकर मोठा, तितका लवकर खल्लास. आणि मी त्याला बॉयलरच्या कपाटात ठेवून भरपूर खाऊ घातलं होतं. लवकर, लवकर म्हणत. त्या रात्री मी त्याला कपाटातून काढून हॉलमध्ये ठेवलं. उपयोग कितपत, माहीत नाही. पण ठेवलं.

ऑगस्ट २०२५मध्ये त्याने शेवटची कात टाकली. लांब पाय, पुढच्या पायांना हूक, तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं बॉक्सिंग ग्लोव्हजसारखी फुगलेली. दिसायला एकदम हीरो. त्याच महिन्यात बायकोचं प्रोजेक्ट आणखी एक वर्ष वाढलं. मला विचारून तिने हो म्हटलं. म्हणजे घाई करायची काही गरजच नव्हती. रेड-नी घेतली असती तरी चाललं असतं.

(ता. क. भारतात हा उद्योग करायचा विचार असेल तर जरा दमानं. सायटिसच्या यादीतले विदेशी प्राणी पाळायचे तर २०२२च्या कायदा दुरुस्तीनंतर नोंदणी लागते. आणि सह्याद्रीतला कोळी उचलून घरी आणायचा विषयच नको.)

दुकानदाराच्या ओळखीतल्या एकाकडे स्विंडनला व्हाइट-नीची मोठी मादी आहे. नर उसना देण्याची इथे पद्धत आहे, आणि पिल्लं झाली तर निम्मी आपली. नर परत येईलच याची गॅरंटी नाही. कधी कधी मादी त्याला खाऊन टाकते. मी आठवडाभर ‘बघू’ म्हणत राहिलो. रोज रात्री दोन वाजता हॉलमधून त्याच्या पायांचा काचेवर सरसर आवाज यायचा. शेवटी बायकोच म्हणाली, ‘जाऊ दे ना त्याला. इथे काय करणार तो फेऱ्या मारून?’

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर तिने विचारलं, ‘स्थळ चांगलं आहे का?’

शनिवारी सकाळची दहाची ट्रेन आहे. डब्याच्या झाकणाला भोकं पाडून झालीत, आत ओला टिश्यू पेपर ठेवलाय. डबा मांडीवर कोण धरणार, यावरून मात्र आमचं अजून चाललंय.