कोळसा सरकारी होता, ऊन खासगी झाले



आमच्या चंद्रपुरात आजकाल कुठल्याही रोजगार मेळाव्याला गेले की "हरित रोजगार" हा शब्द फलकावर असतोच. कोळसा हळूहळू मागे पडणार, सौर आणि पवन ऊर्जा पुढे येणार, म्हणून राज्यातल्या तरुणांनी आतापासूनच तयारीला लागावे, असा एकंदर सूर असतो. वस्तीतल्या पोरापोरींना अशा प्रशिक्षणापर्यंत नेण्याचे काम आम्ही स्वतः करतो, त्यामुळे विरोधासाठी विरोध म्हणून हे लिहीत नाही. पण या सगळ्या तयारीत एक प्रश्न कुणीच विचारत नाही. कोळशाच्या नोकरीत आरक्षण होते. उन्हाच्या नोकरीत ते कुठे आहे?

जरा मागे जाऊ. 1973 साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. दोन वर्षांनी वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. वीज तेव्हा राज्य वीज मंडळाच्या हाती होती. 1980 च्या दशकात चंद्रपूरचे औष्णिक केंद्र सुरू झाले आणि वाढत वाढत त्याची क्षमता 2920 मेगावॅटवर गेली. खाण सरकारी, वीज सरकारी, म्हणून भरतीला बिंदुनामावली लागू. राज्याने बौद्धांना सवलती आधीच दिल्या होत्या, 1990 साली व्ही. पी. सिंह सरकारने केंद्रातही दिल्या. ज्या शहरात बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षा दिली, त्या शहरातल्या शेतमजुरांच्या पोरांना पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार, क्वार्टर, प्रॉव्हिडंट फंड आणि दवाखाना मिळाला. आमचे वडील हेल्पर म्हणून लागले आणि तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले ते त्या पगारावर. आज वस्तीत ज्या घरात इंजिनिअर, नर्स, शिक्षक दिसतात, त्या घराच्या मागे बहुतेक वेळा अशी एक सरकारी नोकरी उभी असते. आपल्या वस्त्यांमधला मध्यमवर्ग असाच उभा राहिला. नुसत्या "मेहनतीने" वर आल्याच्या ज्या गोष्टी लग्नसमारंभात सांगितल्या जातात, त्या अर्ध्याच असतात.

कोळशाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. धूळ आणि राख कोणत्या वस्तीवर पडते हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण मंडळाने 2009 मध्येच आमचे शहर देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांच्या यादीत घातले. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा टिनाच्या छपराखाली कोण झोपते? त्यामुळे "पर्यावरण हा शहरी सवर्णांचा विषय आहे" असे म्हणणाऱ्या आपल्याच काही कार्यकर्त्यांशी आम्ही सहमत नाही. कोळसा जावा. आणि कोळशाच्या कामाचेही कंत्राटीकरण कधीच सुरू झाले आहे, हेही खरे. तरीसुद्धा कायम जागेची जाहिरात निघाली की त्यात आपली जागा लिहिलेली असते. सौर प्रकल्प मात्र बहुतांश खासगी विकासकांचे. तिथे जाहिरात निघत नाही, बिंदुनामावली नाही, ठेकेदाराचा फोन असतो. कोळशाकडून सौरकडे जाणे म्हणजे आपल्यासाठी आरक्षण असलेल्या नोकरीकडून आरक्षण नसलेल्या नोकरीकडे जाणे आहे. या दुसऱ्या संक्रमणावर एकही कार्यशाळा झालेली आम्ही पाहिली नाही.

आता प्रशिक्षणाचे पाहू. केंद्राने 2015 मध्ये हरित रोजगारांसाठी वेगळी कौशल्य परिषद काढली. "सूर्यमित्र" नावाचा 600 तासांचा निवासी, मोफत अभ्यासक्रम त्याच सुमाराला सुरू झाला. चांगला अभ्यासक्रम आहे. पण दाराशी अट आहे: दहावी पास आणि आयटीआय, तोही इलेक्ट्रिशियन, वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स, फिटर अशा ठरावीक ट्रेडचा. आमच्या भागातल्या बहुतेक मुली आयटीआयला शिवणकाम किंवा कॉम्प्युटरला जातात, कारण घरचे तिकडेच पाठवतात. म्हणजे मुलगी दारातच बाद. आयटीआयच्या प्रवेशात आरक्षण आहे, पण कोणत्या ट्रेडला कोण जाते हे दहावीच्या आधीच घर, शाळा आणि जात मिळून ठरवून टाकतात.

दार ओलांडले तरी पुढे काय? आम्ही सौरचे प्रशिक्षण दिलेल्या पोरांपैकी एकाला एका ठेकेदाराने दोन जिल्हे पलीकडच्या प्रकल्पावर नेले. चार महिन्यांनी परत आला. म्हणाला, "भाऊ, वायरिंग शिकलो, इन्व्हर्टर शिकलो. तिथं गेलो तं मले पॅनल पुसाले आन गवत कापाले ठेवलं. वायरिंगवाले पोरं त्यानं आपल्या गावाकडून आणले होते."

हे ऐकले आणि आम्हाला मुंबईच्या गिरण्या आठवल्या. गिरणीत अस्पृश्यांना काम मिळत होते, पण सूतखात्यात. विणकर खात्यात पगार जास्त होता, तिथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण धोटा भरताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. त्यांचे म्हणणे सरळ होते: कामगारांच्या एकीची भाषा करता, तर आधी विणकर खात्याचे दार उघडा. सौर प्रकल्पावर धागा नाही, थुंकी नाही, यंत्र परदेशातून आलेले आहे, पण विणकर खाते आहेच. फक्त आता ते "ओळखीने" चालते.

आणि इथे आकड्यांचा एक सापळा आहे, समाजशास्त्र शिकलेल्यांनी तो नीट पाहावा. हरित रोजगारांच्या यादीत कचरा व्यवस्थापनही येते. कचरा वेचणाऱ्यांत दलित स्त्रियाच जास्त. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातून पुढे "स्वच्छ" ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली. या बाया हवामान बदल हा शब्द बाजारात येण्याआधीपासून प्लास्टिक, काच, कागद वेगळे करीत आल्या आहेत. त्यांना कुशल कुणी म्हटले नाही. उद्या सरकार सांगेल, हरित क्षेत्रात अनुसूचित जातींचे प्रमाण बघा किती चांगले आहे! ते खरेही असेल. कचरा आपल्याकडे, इन्व्हर्टर त्यांच्याकडे, बेरीज एकच. म्हणून कोणत्या पदावर कोण, ही फोड मागितल्याशिवाय कोणताही आकडा मान्य करू नका.

नोकरी सोडा, भाडेसुद्धा पाहा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला 1.25 लाख रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा योजनेचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. पण ज्याच्याकडे जमीनच नाही त्याच्या वाट्याला यातले काय? उलट या योजनेसाठी सरकारी जमिनी आणि गायराने घेतली जातात. मराठवाड्यातली गायराने कुणी कसली, दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964 च्या सत्याग्रहांनी कशासाठी तुरुंग भरले, हे या वाचकांना सांगायची गरज नाही. केंद्राच्या सूर्यघर योजनेत छतावरच्या 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. त्याला आधी स्वतःचे, पॅनल पेलणारे छत लागते.

"खासगी कंपनी आहे, तिला आरक्षण कसे लावणार?" हा प्रश्न येणारच. पण हे प्रकल्प खासगी तरी कितपत आहेत? जमीन सरकारची, अनुदान सरकारचे आणि 25 वर्षे वीज विकत घेण्याचा करार सरकारी कंपनीचा. जोखीम जनतेची असेल तर भरतीची अटही जनतेने घालावी. ती निविदेत घालता येते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून खरेदी करताना अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 टक्के हिस्सा ठेवण्याचे धोरण केंद्राने 2012 मध्ये केलेच आहे. मग सौर निविदेत स्थानिक अनुसूचित जाती-जमातींच्या प्रशिक्षित तंत्रज्ञांचा हिस्सा, तोही तांत्रिक पदांवर, का नको? 1942 ते 1946 या काळात मजूर मंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेच्या धोरणाचाही विषय होता. मजूर आणि वीज हे दोन विषय एकाच टेबलावर होते. 1947 मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली. आज कौशल्य विभाग एका इमारतीत, ऊर्जा विभाग दुसऱ्या इमारतीत आणि सामाजिक न्याय तिसऱ्या!

म्हणून आम्ही माहिती अधिकाराचे अर्ज तयार केले आहेत. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, त्यामुळे तीन करावे लागतील. पहिला जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात: तीन वर्षांत सौर व इतर हरित प्रशिक्षण घेतलेले उमेदवार प्रवर्गनिहाय, स्त्री-पुरुषनिहाय किती आणि आज ते कोणत्या पदावर आहेत. दुसरा जिल्हाधिकारी कार्यालयात: सौर प्रकल्पांना दिलेल्या गायरानांचे गट क्रमांक, क्षेत्र आणि तिथल्या कसणाऱ्यांच्या नोंदी. तिसरा महावितरणकडे: जिल्ह्यातल्या सौर करारांत स्थानिक भरतीबाबत काही अट आहे का, असल्यास तिची प्रत. प्रत्येकाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तोही नाही. आपापल्या जिल्ह्यात टाका. उत्तर न आल्यास तिसाव्या दिवसानंतर अपील करायचे आहे, पोचपावती जपून ठेवा.