मग शुक्राचे काय?

रूपक शिकवताना मी अनेक वर्षे मंगळाचा दाखला देत असे. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा प्रवाह, म्हणजे सौरवारा, सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने अखंड वाहत असतो. पृथ्वीभोवती चुंबकक्षेत्राचे कवच आहे. मंगळाचे कवच सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी विझले आणि त्याचे बरेचसे वातावरण सौरवाऱ्याने ओरबाडून नेले. ‘भाषेचेही असेच आहे,’ मी म्हणे, ‘गाभा थंडावला की बाहेरचा वारा सारे घेऊन जातो.’ वाक्य वर्गाला आवडे. मला तर फारच आवडे.

यंदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मग शुक्राचे काय? त्यालाही स्वतःचे चुंबकक्षेत्र नाही ना?’

मी उत्तर टाळले आणि घरी येऊन वाचत बसलो. शुक्र सूर्याला पृथ्वीहून जवळ, शिवाय कवचहीन. तरी त्याच्या पृष्ठभागावरील वातावरणाचा दाब पृथ्वीवरच्या सुमारे ९० पट आहे. सौरवारा त्याच्या वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर येऊन आदळतो आणि त्या आघातातूनच एक उसने चुंबकीय कवच उभे राहते. शुक्रही थोडे थोडे गमावतोच. पण त्याचे गुरुत्वाकर्षण मंगळाच्या दुपटीहून अधिक आहे. उलट बुधाला स्वतःचे चुंबकक्षेत्र आहे, पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का. मात्र खरे वातावरण नाही. आणि आपल्या कवचधारी पृथ्वीच्या ध्रुवप्रदेशांवरूनही ऑक्सिजनचे आयन अवकाशात निसटत असतात. मेव्हन यानाने मंगळावरची गळती मोजली. सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम, असे २०१५ मध्ये जाहीर झाले. गळती खरी होती. तिचे एकच कारण सांगणारे माझे वाक्य तेवढे खरे नव्हते.

यूजीन पार्कर यांनी सौरवाऱ्याचा सिद्धांत १९५८ मध्ये मांडला, तेव्हा परीक्षकांनी त्यांचा निबंध नापसंत केला होता. संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही ती कल्पना पटत नव्हती. पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी निबंध छापला. मला माझे रूपक पटत होते, म्हणून मी त्यात चूक कधी शोधलीच नव्हती. भाषेविषयीची चिंता खरी असली, की तिच्यासाठी वापरलेले कोणतेही रूपक आपल्याला खरे वाटू लागते.

दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना मी म्हणालो, ‘शुक्राचे उत्तर मला काल येत नव्हते.’