गळाचा काटा

स्कॉटलंडमध्ये ब्राऊन ट्राऊटचा मोसम १५ मार्चला सुरू होतो. त्याआधीच्या रविवारी मी टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरतो. फ्लाय-फिशिंगची जाड दोरी कोमट साबणपाण्यातून काढायची, रिळाला तेलाचा थेंब द्यायचा, कमरेपर्यंतच्या रबरी बुटांना कुठे भोक नाही ना, पाहायचं. शेवटी पिसं बांधून केलेल्या नकली माश्यांची डबी. गेल्या वर्षी ओलीच मिटून ठेवली, निम्मे गळ गंजले. आळस माझाच.

मिरकरवाड्याला अब्बा पावसाळाभर पडवीत जाळी सांधायचे. फाटकं जाळं म्हणजे घरात उपास. इथे मी पकडलेला मासा परत सोडतो, हे फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर म्हणाले, "खायचा नव्हता, तर टोचलास कशाला रे? मुक्या जिवाशी खेळ?"

मला उत्तर सुचलं नाही. अब्बा गेले, तरी सुचलेलं नाही.

यंदा पक्कडीने प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करतोय, म्हणजे नको असलेला लहान मासा अलगद सुटतो. खाण्याजोगा एक मिळाला की दोरी गुंडाळायची, असंही ठरवलंय.

"एकाच माशासाठी एवढे गळ?" बायको विचारते.

सतरा झालेत. डबीत अजून आहेत.