कव्हरखाली झाकलेलं स्टिअरिंग

स्टिअरिंगचं चामडं सोलवटलं की बहुतेक जण त्यावर बाजारातलं कव्हर चढवून मोकळे होतात. मला हा उपाय पटत नाही. घरी चामड्याची दुरुस्ती करू लागलं की हाताला कळतं, जे गेलेलं दिसतं ते बहुधा चामडं नसतंच. त्यावरचा रंग आणि पारदर्शक लेप गेलेला असतो. तळहाताचा घाम, तेलकटपणा, ऊन आणि कोविडपासून सवयीचं झालेलं सॅनिटायझर हा लेप खातात. म्हणूनच झीज सगळीकडे सारखी नसते, हात जिथे टेकतो तिथेच उठून दिसते. खालचं चामडं शाबूत असेल तर ते झाकायचं कशाला? कव्हर स्वस्त आहे, पाच मिनिटांत बसतं, हे खरं. पण सैल कव्हर ऐन वळणावर सरकतं, आणि हात फिरला तेवढं चाक फिरेलच याची खात्री राहत नाही. पैशांच्या बचतीपेक्षा मला ही खात्री मोलाची वाटते.

घरचा रंग टिकत नाही, असंही म्हणतात. तो बहुतेकदा सफाई अपुरी राहिल्यामुळे निघतो. लेदर क्लीनर आणि मऊ ब्रशने, फडक्यावर काळपटपणा उतरायचा थांबेपर्यंत घासायला हवं. अर्ध्याहून अधिक कष्ट इथेच जावेत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका हात. एरवी लेपाचा शत्रू असलेला अल्कोहोल इथे उरलेलं तेल काढतो. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखर बसवायची, चरे फिलरने भरायचे आणि चामड्याचाच रंग स्पंजाने पातळ थरांत, प्रत्येक थर वाळवून द्यायचा. वर मॅट लेप. बुटाचं पॉलिश मात्र नको, ते हाताला लागतं. फोमचं चाक दमट हवेत चिकट झालं असेल, तर फोमच विघटित होत असतो. तिथे रंग निरुपयोगी, मापाचं चामडं सुई-दोऱ्याने घट्ट शिवून बसवावं.

सर्वांत वजनदार आक्षेप एअरबॅगचा. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासाठी ती सक्तीची आहे, आणि ती सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात फुगते. म्हणून स्टिअरिंग उतरवायचं नाही, काम जागेवरच करायचं, एअरबॅग ज्यात असते त्या मधल्या पॅडला रंग, फिलर किंवा गोंद लावायचा नाही. पॅडलाच तडा असेल किंवा कडं वाकलं असेल, तर ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचं.